सोबतांक

शाल्मलीचा आकडा उणे चार आला, तेव्हा तिला आधी वाटलं की यंत्र बिघडलंय.

वाटणारच हो. दुसऱ्याचा आकडा उणे आला की माणूस वाईट आणि आपला आला की यंत्र वाईट, जगाची रीतच आहे ती. तिनं पडद्यावर दोनदा बोट आपटून बघितलं, गळ्यातलं कार्ड काढून पुन्हा घातलं. आकडा काही जागचा हलला नाही.

"ताई, जरा बाहेर थांबता का?" एस्तेर सिस्टर हळूच म्हणाली.

"अगं एस्तेर, मी आहे. विभागातली शाल्मली. अण्णांना ही पट्टी सकाळी मीच लावलीय."

"माहितीये ताई. नियमपण तुम्हीच शिकवलेत आम्हाला."

शाल्मली मगदूम, एम.ए. दुसरं वर्ष, विषय आरोग्य मानसशास्त्र, गुमान बाहेर आली आणि बाकावर बसली. काचेपलीकडे तिचे अण्णा, म्हणजे वडील सुकुमार मगदूम सर, तिच्याकडे बघून हात हलवत हसत होते. छातीवर वीतभर टाके आणि टाक्यांशेजारी रुपयाएवढी निळसर पट्टी.

ती पट्टी म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुढं सरकायची नाही.

आपल्याकडे आजाऱ्याला बघायला जायची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मिरजेच्या त्या मोठ्या इस्पितळात कुणाचं ऑपरेशन झालं की गाडी भरून गाव यायचं. शहाळी यायची, बिस्किटांचे पुडे यायचे, आणि त्यांच्याबरोबर गोष्टी यायच्या. "आमच्या मेव्हण्याचं अगदी असंच झालं होतं. चांगला बोलत होता हो. चहा मागितला, आणि कप आणेस्तोवर खलास!" सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसायचं. पण पलंगावरच्या माणसाचं काय व्हायचं, ते त्याचं त्यालाच माहीत.

आणि हे नुसतं मनाचं दुखणं नव्हे. ताण आला की शरीर लढाईला उभं राहतं. रक्तात कॉर्टिसॉल वाढतं. निवांत माणसाच्या ठोक्यांमध्ये श्वासागणिक थोडा चढउतार असतो, तो जाऊन ठोके एकसुरी पडायला लागतात. आणि घरचे सगळे लढाईला वेशीवर जाऊन उभे राहिले की घरातली डागडुजी पडून राहते, तसं शरीराचंही होतं. जखम भरणं हे डागडुजीचं काम. ताणाखालच्या माणसाची जखम उशिरा भरते, हे मानसशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक होतं. कोण आल्यानं ताण वाढतो आणि कोण आल्यानं उतरतो, हे तेवढं मोजता येत नव्हतं.

पट्टीनं ते मोजायला घेतलं. ठोके, घामातलं कॉर्टिसॉल, कातडीचा ओलावा, सगळं ती क्षणाक्षणाला टिपायची. भेटायला येणाऱ्याच्या गळ्यात एक कार्ड असायचं, त्यामुळं जवळ कोण बसलंय तेही तिला कळायचं. मग पडद्यावर आकडा यायचा. उणे दहापासून अधिक दहापर्यंत. कागदोपत्री त्याला 'सोबतांक' म्हणायचे. वॉर्डातले लोक नुसतं "तुमचा किती?" विचारायचे. ज्या वॉर्डात अधिक आकड्याच्याच माणसांना आत सोडलं, तिथल्या जखमा लवकर भरल्या, अगदी ठळक फरकानं. झालं, इस्पितळानं नियम करून टाकला. प्रत्येकाला तीन भेटी. आकडा उणे आला की त्या दिवशी बाहेर थांबायचं. तिन्हींची सरासरी उणे आली, तर जखम भरेपर्यंत त्या माणसाला दार बंद.

या सगळ्या अभ्यासात शाल्मलीचा मोठा हात होता. विभागाच्या परिसंवादात एका मुलानं विचारलं होतं, "सख्ख्या मुलीचा आकडा उणे आला तर?" आणि शाल्मलीनं ताडकन उत्तर दिलं होतं, "तर तिनं बाहेर बसावं. खरं प्रेम असेल तर बसेल." टाळ्या पडल्या होत्या. तिच्या मार्गदर्शक हेर्लेकर मॅडम तेवढ्या काही बोलल्या नव्हत्या.

तर आता बसली होती ती बाहेर.

सुकुमार सर शिरोळकडच्या एका शाळेत खो-खो शिकवायचे. पोरं त्यांना टरकून असायची आणि त्यांच्यावर जीवही टाकायची. शाल्मली चौथीत असताना तिची आई गेली, तेव्हापासून घरात दोघंच. वेणी घालायला सर यूट्यूबवरून शिकले. पहिल्या पाळीच्या वेळी स्वतः दुकानात गेले, चार जणांसमोर पॅड मागितले आणि दुकानदार कागदात गुंडाळायला लागला तर त्याला म्हणाले, "गुंडाळतोस कशाला? चोरीचा माल आहे का?" असा बाप. त्यांच्या हृदयाची झडप बदलली होती. झडप छान बसली, पण साखरेमुळं वरची जखम भरेना. खालच्या टोकाला ओल धरून होती. डॉक्टरांनी शाल्मलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आठवडाभर बघू. नाही सुकली तर पुन्हा उघडून साफ करावी लागेल. साखर अशी असताना ते मला करायला आवडणार नाही." डॉक्टर 'आवडणार नाही' म्हणाले की काय समजायचं ते शाल्मलीला समजत होतं.

म्हणून तर तिनं पहिल्याच दिवशी, तीन भेटींची वाट न बघता, गावाला चाळण लावली होती. चुलतकाका उणे दोन, बाहेर. पंचायतीचे एक सदस्य, जे आल्या आल्या विम्याचं विचारायला लागले, ते उणे पाच, बाहेर. हे करताना तिला जरा मजाही आली होती, खोटं कशाला बोला. आत्याला, म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहिणीला, तर तिनं फोनवरच सांगितलं होतं की तू येऊच नकोस. त्रिशलाआत्या म्हणजे तोंडाचा पट्टा. तिच्यापुढं निरोगी माणसाची जखम चिघळेल.

तरी आत्या आलीच. विनाचालक एसटीत ती बसायची नाही, "ज्येला डोळं न्हाईत त्येच्या हातात जीव द्यू व्हय?" म्हणायची, म्हणून जयसिंगपुरातून वडापच्या जीपनं आली. कार्ड गळ्यात अडकवून आत शिरली आणि दारातूनच तिचा आवाज कॉरिडॉरभर झाला, "काय रं सुक्या? पोरांस्नी पळवून पळवून सोताचंच काळीज फोडून घेतलंस न्हवं?"

शाल्मलीनं कपाळाला हात लावला. एस्तेरनं पडदा बघितला, मग शाल्मलीकडं बघितलं.

अधिक सात.

तुम्हीच सांगा, माणसानं हे कसं पचवायचं? जिनं उभा जन्म बापासाठी काढला तिचा आकडा उणे चार, आणि वर्षातून दोनदा येऊन खेकसणाऱ्या बाईचा अधिक सात! शाल्मलीला आत्याचा राग आला. मग रागाची लाज वाटली, आणि लाजेवर पुन्हा राग आला.

पण ती हुशार मुलगी होती, आणि हुशार माणसं हार मानत नाहीत, अभ्यास करतात. वसतिगृहाच्या खोलीत आरशासमोर बसून तिनं दुसऱ्या भेटीची तयारी केली. श्वास सावकाश. खांदे सैल. आवाज खालच्या पट्टीत. चेहऱ्यावर हसू, पण डोळ्यांपर्यंत पोचणारं, कारण नुसत्या ओठांचं हसू समोरच्याला कळतं असं पुस्तकात होतं. विषयही ठरवले: शाळेच्या मुलांचा विजय, परसातला जास्वंद, तिला परीक्षेत मिळालेले गुण. जखम नाही, साखर नाही, डॉक्टर नाहीत.

भेट झकास झाली. ती हसली, अण्णा हसले. "कसं वाटतंय?" "एकदम बरं आहे. तुझं कसं चाललंय?" "मस्त." "जेवतेस ना वेळेवर?" "हो." जास्वंदाला फुलं आल्याचं सांगितलं, तर अण्णांनी अगदी "अरे वा!" म्हटलं. शाल्मली बाहेर आली ती तरंगतच.

उणे सहा.

आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तडक विद्यापीठात गेली आणि हेर्लेकर मॅडमसमोर जाऊन बसली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, दोन चहा मागवले आणि एक कप तिच्यापुढं सरकवला.

"तू आत गेल्यावर ते काय करतात?" त्यांनी विचारलं.

"हसतात. बरं आहे म्हणतात."

"आणि तू?"

"मीपण हसते."

"म्हणजे दोघंही कामावरच की. मग भेटतंय कोण?"

शाल्मलीनं कप बाजूला सारला.

"दुसऱ्या सत्राला शिकवलं होतं मी," मॅडम म्हणाल्या. "आजारी माणूस जवळच्यांना जपायला आपलं दुखणं झाकतो. ते झाकून धरायलाही ताकद लागते, आणि ती ताकद शरीर कुठून तरी काढतंच. तुला त्या पेपरात चांगले मार्क होते, मला आठवतंय." त्या जराशा हसल्या, मग त्यांचा आवाज मऊ झाला. "आणखी एक सांगते. पट्टी असते रोग्याच्या छातीवर. जे काही चालतं ते त्याच्या आत चालतं. आकडा मात्र आपण भेटायला आलेल्याच्या नावावर टाकतो. मला हे पहिल्यापासून खटकतंय. पण निकाल इतके छान होते की मीही गप्प बसले."

"मग मी काय करू मॅडम? एकच भेट राहिलीय."

"ते मला माहीत असतं तर मीच जाऊन आले नसते का? चहा पी."

दुसऱ्या दिवशी शाल्मली इस्पितळात गेली ती आत न जाता एस्तेरजवळ थांबली. "एस्तेर, मी यायच्या आधी अण्णा काय करतात गं?"

एस्तेर आधी सांगेना. मग म्हणाली, "कंगवा मागतात, ताई. भांग पाडतात. उशी मागं घ्यायला लावतात आणि ताठ बसतात. मी किती वेळा सांगितलं, सर, टाक्यांवर ओढ बसते. तर म्हणतात, पोरगी येतेय, आडवा कसा पडू? तुम्ही गेलात की मग घामाघूम होतात."

"आणि आत्या येते तेव्हा?"

"तेव्हा कसला कंगवा!"

आत्या बाकावर बसून पिशवीतला डबा उघडत होती. शाल्मली तिच्या शेजारी बसली. आत्यानं तिच्याकडं न बघताच धपाट्याचा एक तुकडा तिच्या हातात दिला.

"आत्या, तू आत काय बोलतेस गं त्यांच्याशी?"

"म्या काय बोलणार? आत गेल्या गेल्या चार शिव्या घालायच्या आन् गप बसायचं. मग त्योच बोलतोय."

"काय बोलतात?"

"बोलतोय कसला, रडतोय."

शाल्मलीचा घास तोंडातच राहिला. अण्णा रडतात? आई गेली तेव्हाही तिनं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. अण्णांना रडता येतं, हेच तिला माहीत नव्हतं.

"त्येला मी अंगाखांद्यावर खेळवलंय," आत्या म्हणाली. "माझ्यापुढं त्यो शेंबडा सुक्याच हाय. तू आत गेलीस की त्येला बाप व्हावं लागतंय. छाती उभी फाडलीया आन् ताठ बसतोय बग, येडं कुठलं. भ्या वाटतंय त्येला, शालू. मराचं न्हवं. तुझं."

"माझं? मी काय केलंय त्यांना?"

आत्यानं डबा बंद केला. "ते त्येलाच इचार. माझ्या तोंडानं सांगायचं न्हाई ते."

शाल्मलीनं गळ्यात कार्ड अडकवलं. "एस्तेर, मी येतेय म्हणून आत सांगू नकोस," एवढंच म्हणाली आणि दार ढकललं.

अण्णा उशीवर एका बाजूला कलंडले होते. केस विस्कटलेले, तोंड उघडं, दाढीचे पांढरे खुंट. म्हातारे दिसत होते. ती आत आलेली बघून ते एकदम गडबडले, कोपरावर रेटा देऊन उठायला लागले. "अगं, आलीस? ते, कंगवा कुठंय बघ..."

"नको कंगवा. पडा तुम्ही."

"पडू कशाला? बराय की मी. एकदम बरा आहे."

शाल्मली स्टुलावर बसली. खांदे सैल नव्हते, श्वास धड नव्हता, आणि पुस्तकातलं एकही वाक्य आठवत नव्हतं.

"अण्णा, मला भीती वाटतेय."

"कशाची? काही होत नाही मला. मी बरा आहे म्हणतोय ना."

"आईपण बरी होत होती की, अण्णा."

हे ती बोलली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. इतक्या वर्षांत या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. चौथीतल्या शाल्मलीला अण्णांनी सांगितलं होतं की आई बरी होतेय, तू आत्याकडं चार दिवस राहून ये, येशील तेव्हा आई घरी असेल. ती परत आली, तेव्हा आईचा फोटो होता.

पडद्यावरचा आकडा लाल झाला. उणे नऊ. यंत्र टीं टीं करायला लागलं. एस्तेर धावत आली, तर दारात आत्या हात आडवा लावून उभी. "थांब गं बाई जरा. मरत न्हाई त्यो एवढ्यानं."

अण्णांचा चेहरा आधी दगडासारखा झाला. मग पोरांना शिट्टीच्या एका फुंकेवर उभं करणारा तो माणूस पोरीसमोर ओक्साबोक्शी रडला, एका हातानं जखम दाबून धरून, कारण रडतानाही ती दुखत होती.

"ती तुला बोलावत होती, शालू," ते म्हणाले. "दोनदा म्हणाली, शालूला आणा. मी म्हटलं, आणतो. आणि आणलं नाही. नळ्या होत्या, तोंड काळं पडलं होतं तिचं. वाटलं, पोरीनं हे बघू नये. तिच्या डोळ्यांसमोर चांगली आई राहू दे. तुझ्या भल्यासाठी म्हणून... ती दाराकडं बघत बघत गेली गं."

अण्णांनी मोकळ्या हातानं डोळे पुसले.

"तू मानसशास्त्र घेतलंस तेव्हाच मला वाटलं, ही आता शिकणार, आणि एक दिवस येऊन विचारणार. तेव्हापासून तू दारात दिसलीस की मी आधी ताठ होतो. वाटतं, आज विचारणार. आज नक्की."

"मला राग आहे, अण्णा," शाल्मली रडत म्हणाली. "मला खूप राग आहे तुमचा. अजून आहे."

"असू दे. असायलाच पाहिजे."

तिनं त्यांचा हात धरला होता. कधी धरला, कुणास ठाऊक. यंत्र वाजतच होतं. एस्तेर आत्याच्या हाताखालून वाट काढून आत आली आणि यंत्राचं तोंड तिनं बंद केलं. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

"ताई, तिसरी भेट झाली. सरासरी... मला आता तुमचं कार्ड घ्यावं लागेल."

शाल्मली उठली. हा नियम तिनंच शिकवला होता आणि त्यामागचं शास्त्र खोटं नव्हतं. ओल धरलेली जखम तिला समोर दिसत होती. "अण्णा, जखम भरेपर्यंत मी बाहेर बसते. काचेतून बघेन. खरंच चालेल मला."

"बस खाली," अण्णा म्हणाले.

"अण्णा, ऐका. मुलगी म्हणून नाही, शिकलेय म्हणून सांगते. मी जवळ असले की तुमचं शरीर..."

"शालू, एकदा तुझ्या भल्यासाठी तुला दाराबाहेर ठेवलं. आता माझ्या भल्यासाठी ठेवायचं. काय भलं झालं गं तेव्हा? कुणाचं झालं?" ते एस्तेरकडं वळले. "सिस्टर, ही पट्टी काढता येते का?"

"येते सर. पेशंटच्या मर्जीवर आहे. पण आजवर कुणी काढली नाही. जखमेला वेळ लागला तर डॉक्टर..."

"लागू दे की वेळ. माझीच जखम आहे ना? भरेल सावकाश."

आणि त्यांनी नखानं कड उचलून पट्टी सोलून काढली. छातीवरचे दोन-चार केसही तिच्याबरोबर आले. ती त्यांनी एस्तेरच्या तळहातावर ठेवली. दारातून आत्या म्हणाली, "आता कसं माणसासारखं वागलास!" आणि डोळ्यांना पदर लावून बाकावर जाऊन बसली.

पुढचंही सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव टांगणीला राहील. जखम भरली. पुन्हा उघडावी लागली नाही, पण भरायला त्या वॉर्डातल्या इतर सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. डॉक्टर रोज चिडचिड करायचे. पट्टी असती, शाल्मली बाहेर असती, तर लवकर भरली असती का? की त्या दिवसानंतर आकडाच पालटला असता? हेर्लेकर मॅडमनी तिला प्रबंधाच्या वेळी हेच विचारलं. शाल्मलीनं लिहिलं, 'माहीत नाही.' मॅडमनी ते वाक्य खोडलं नाही. उलट पुढच्या वर्षी त्यांनी इस्पितळाला नियम बदलायला लावला. उणे आकडा आला तर दार बंद करायचं नाही, आधी दोघांशी बोलायचं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी पट्टी निघाल्यावर खोलीत भलतीच शांतता झाली. पडदा कोरा. आता अण्णांच्या आत काय चाललंय ते सांगणारं तिथं कुणी उरलं नव्हतं. शाल्मली स्टूल ओढून पलंगाला टेकून बसली. अण्णांनी ताठ धरलेली मान सैल सोडली, हळूहळू उशीवरून खाली सरकले, आणि सरकताना त्यांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

"दुखतंय?" तिनं विचारलं.

सवयीनं त्यांनी 'छे' म्हणायला तोंड उघडलं. मग तिच्याकडं बघितलं आणि ते मिटलं.

"लई दुखतंय गं, शालू."

"कुठं?"

अण्णांनी तिचा हात घेतला, छातीवर टाक्यांच्या बाजूला अलगद ठेवला, आणि तिला सांगायला लागले.